तेविसाव्या वर्षी केलेली सही

उंबरठा (धागाकर्ता)

परवा तेहतीस पूर्ण झाली. पहिला पगार हातात आला तेव्हा तेविसाचा होतो, म्हणजे स्वतःच्या कमाईवर जगायला लागून बरोबर दहा वर्षं झाली. या काळात काय शिकलो ते लिहून काढू म्हणून वही घेऊन बसलो. पैसा, तब्येत, काम, माणसं असे चार रकाने पाडले. रकाने भरता भरता लक्षात आलं की चारही ठिकाणी मी एकच गोष्ट लिहितोय: मी बदलेन, हे मी कधी हिशेबातच धरलं नव्हतं.

सहीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात महाग धडा तोच पडला.

नोकरीला लागून सात महिने झाले होते. कॉलेजातल्या जिवलग मित्राला धंद्यासाठी कर्ज हवं होतं आणि जामीनदार लागत होता. समोरच्या माणसाने जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुल्ल्या करून ठेवल्या होत्या, पाच पानांवर पाच. त्याने विचारलं, "वाचलंत ना?" मी हो म्हटलं. वाचलं नव्हतं. मित्र शेजारी बसलाय आणि आपण त्याच्यादेखत कागद वाचत बसायचं, हे मला त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की कर्जदाराने हप्ते थकवले तर उरलेली सगळी रक्कम जामीनदाराकडून वसूल करता येईल. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं ते चौदा महिन्यांनी, नोटीस हातात पडली त्या दिवशी.

धंदा बुडाला होता. मित्राने फोन उचलणं बंद केलं. पुढचे ३८ हप्ते मी भरले.

विचार न करता जामीन राहू नये हे तर झालंच, ते कुणीही सांगेल. मला जास्त लागलं ते दुसरंच. सही करणाऱ्या मुलाला वाटत होतं की पुढची चार-पाच वर्षं तो असाच असणार: एकटा, धडधाकट, रात्री जागून जादा काम करायला तयार, कुणाची जबाबदारी नसलेला. हप्ते भरणारा मात्र भलताच माणूस निघाला. सव्विसाव्या वर्षी त्याला नोकरी सोडून दोन वर्षं पुढे शिकायचं होतं, ते राहून गेलं. सत्ताविसाव्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याला बिनपगारी रजा हवी होती, ती परवडली नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर होतो. त्या दुपारी बाबांनी ताईला विचारलं, "तो कुठेय?" ताईने मला हे सांगितलं ते पुढे कितीतरी वर्षांनी.

नंतर वाचताना कळलं की मानसशास्त्रात या समजुतीवर काम झालेलं आहे. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या तिघांचा अभ्यास २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात आला. १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांना त्यांनी स्वभाव, मूल्यं आणि आवडीनिवडी यांबद्दल विचारलं. काहींना विचारलं, गेल्या दहा वर्षांत किती बदललात? काहींना विचारलं, पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? मग एका वयाच्या लोकांचा पुढचा अंदाज, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्यांच्या मागच्या अनुभवाशी ताडून पाहिला. प्रत्येक वयोगटात अंदाज तोकडा पडला. आपण आजवर खूप बदललो हे सगळ्यांनी कबूल केलं, आणि यापुढे फारसं बदलणार नाही असंही सगळ्यांना वाटत होतं. जणू घडायचं ते आजपर्यंत घडून संपलं. त्यांनी याला 'इतिहास संपल्याचा भास' अशा अर्थाचं नाव दिलंय.

हे वाचलं तेव्हा मला पेन्सिलीच्या फुल्ल्या आठवल्या.

कामाच्या रकान्यात एकच प्रसंग लिहितो. अठ्ठाविसावं वर्ष. एका बैठकीत माझं काम दुसऱ्याच्या नावाने मांडलं गेलं. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मी राजीनाम्याची मेल लिहिली, वरिष्ठांना, आणि प्रतीला आणखी सहा जण. त्यातला प्रत्येक आरोप खरा होता. सकाळी साडेसहाला जाग आली तेव्हा आरोप खरेच होते, पण ती मेल लिहिणारा माणूस मात्र झोपेत कुठेतरी विरघळून गेला होता. आठ महिने बिनकामाचे गेले. तेव्हापासून रागात लिहिलेली कुठलीही गोष्ट मी पत्त्याचा रकाना रिकामा ठेवून लिहितो. नाव सकाळी टाकायचं. दहा वर्षांनी सोडा, सात तासांनीसुद्धा आपण वेगळे असतो.

तब्येतीचं आणि माणसांचं लिहायला बसलो तर फार लांबेल. तुमची दहा वर्षं कशी गेली, तुमच्या हाताला काय लागलं, ते वाचायला आवडेल. वय कितीही असो.


कोरा कागद

"तो कुठेय?" इथे थांबलो. पुढचं थोड्या वेळाने वाचलं. लिहीत राहा.


अंकमोड

उत्तम धागा. पैशाच्या रकान्यात मी एक हिशेब टाकतो, कारण मला तो पस्तिशीत कुणीतरी कागदावर मांडून दाखवला आणि त्या रात्री झोप लागली नाही.

दोघे जण धरा. पहिला २२ ते ३१ या वयात दरवर्षी १ भाग बाजूला टाकतो, एकूण १० भाग, आणि मग थांबतो. दुसरा ३२ व्या वर्षी सुरू करतो आणि ६० पर्यंत दरवर्षी १ भाग टाकतो, एकूण २९ भाग. दोघांनाही सालाना ८ टक्के चक्रवाढ मिळते असं धरा. साठाव्या वर्षी पहिल्याकडे सुमारे १३५ भाग असतात, दुसऱ्याकडे सुमारे १०४. जवळजवळ तिप्पट रक्कम घालून दुसरा मागे. कुणीही वहीत करून पाहा. तोंडी अंदाजासाठी ७२ चा नियम आहे: ७२ ला व्याजदराने भागा, तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. ८ टक्क्यांनी ९ वर्षं.

उंबरठा म्हणतात तेच इथेही. बाविसाव्या वर्षी साठीचा माणूस आपला कुणीच लागत नाही.


थोरली

अंकमोड, हिशेब चुकीचा नाही. पण हा हिशेब मला आयुष्यात किमान पंधरा वेळा ऐकवला गेलाय आणि दर वेळी मी गप्प बसलेय. आज लिहिते.

बाबा गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, पाठची दोघं शाळेत. २२ ते ३१ या दहा वर्षांत माझ्या पगारातला एकही भाग बाजूला पडला नाही. फी, वह्या, भावाच्या दातांची तार, बहिणीचा चष्मा, आईची औषधं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी दोन थांबे आधी उतरून चालत घरी यायचे. कुणी विचारलं तर सांगायचे की चालायला आवडतं. आता खरंच आवडतं, तो भाग वेगळा.

मग हे गणित वाचलं की वाटायचं, आपण दहा वर्षं वाया घालवली. आळस केला, अक्कल नव्हती. दोन्हीतलं काहीच नव्हतं. ज्याच्या हातात शिल्लकच उरत नाही त्याला 'लवकर सुरुवात कर' हे सांगणं म्हणजे पाय बांधलेल्याला शर्यतीचे नियम समजावणं.

माझा दहा वर्षांचा धडा एवढाच की मदत करताना आकडा ठरवावा आणि तो घरात सगळ्यांना मोठ्याने सांगावा. मी कधी सांगितला नाही. माझ्याकडे किती आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मागण्याला शेवट नव्हता आणि देताना माझी चिडचिड व्हायची. तिसाव्या वर्षी एका रविवारी मी पगाराची चिठ्ठी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. भाऊ बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "ताई, मला वाटायचं तुला याच्या दुप्पट मिळतात." दुसऱ्या महिन्यापासून त्याने शिकवण्या धरल्या. हे मी पाच वर्षं आधी करू शकले असते.


अंकमोड

थोरली, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. माझा प्रतिसाद ज्याच्याकडे थोडी शिल्लक आहे आणि तरी तो टाळतोय त्याच्यासाठी होता, म्हणजे माझ्यासारख्यासाठी. हे आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं.

शिल्लक नसणाऱ्यासाठी तोच नियम उलट बाजूने जास्त महत्त्वाचा आहे. महिन्याला ३ टक्के दराने कार्डाची थकबाकी ठेवली तर ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिन्यांत ती दुप्पट होते. बचत जमत नसेल तर नसू दे, पण हे एक भोक आधी बुजवावं. भावंडांसमोर चिठ्ठी ठेवण्याची गोष्ट मी घरी वाचून दाखवली.


सूर

तब्येतीचा रकाना मी भरते.

विशीत मी दिवसाचे सहा-सात तास कानात हेडफोन घालून काम करायचे, आवाज जवळजवळ पूर्ण. आजूबाजूची गडबड ऐकू येऊ नये म्हणून. एकोणतिसाव्या वर्षी एका रात्री वीज गेली. पंखा थांबला, सगळीकडे अगदी शांत झालं, आणि मला एक बारीक, उंच, न थांबणारा आवाज ऐकू आला. मी उठून खोलीभर फिरले, कुठून येतोय ते बघायला. उशी कानावर दाबली तर आवाज वाढला. तेव्हा कळलं की तो बाहेरून येत नाहीये.

आता पाच वर्षं झाली, तो गेलेला नाही. डॉक्टरांनी समजावलं ते असं: आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पण ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. दहा डेसिबल वाढले की मुभा दहा पटींनी कमी होते. मी ती चार तासांची मर्यादा बहुतेक रोज ओलांडत होते.

शरीरात भरून येणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. हाड जुळतं, कातडी येते. म्हणून आपण सगळंच भरून येईल असं धरून चालतो. कानातल्या या पेशी आणि दातांवरचं कवच परत येत नाही. ज्यांचं वय आज बावीस-तेवीस आहे त्यांना हात जोडून सांगते, आवाज कमी करा. मला शांतता कशी असते ते आठवत नाही.


रोजनिशी

सूर, वाचून आत्ता लगेच आवाज खाली केला. धन्यवाद.

माझा धडा छोटा आहे. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्य खरं मानून मी दहा वर्षांत व्यायाम नऊ वेळा सोडला असेल. बाविसाव्या दिवशीही कंटाळा यायचा, मग वाटायचं आपल्यातच खोट आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर नजर ठेवून हे तपासलंय. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मला या दुसऱ्या गोष्टीने वाचवलं. दहाव्यांदा सुरू केलं तेव्हा खाडा झाला की दुसऱ्या दिवशी मुकाट जायचं, एवढंच ठरवलं. आता तिसरं वर्ष चालू आहे.


नवी पालवी

मी बावीस वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात पहिली नोकरी. धागा रात्रीच वाचला आणि खरं सांगायचं तर थोडी भीती वाटली.

उंबरठा दादा, जर मी बदलणारच असेन आणि कशी बदलेन ते मला आज कळूच शकत नसेल, तर मग मोठा निर्णय घ्यायचाच कसा? नोकरीचा करार, लग्न, मूल, घर, सगळंच पुढच्या अनोळखी माणसाच्या वतीने घ्यायचं असतं. मग काय, काहीच ठरवू नये? माझी एक मैत्रीण असंच करते. सगळी दारं उघडी ठेवते. ती खूश दिसत नाही.


उंबरठा (धागाकर्ता)

पालवी, प्रश्न इतका नेमका आहे की दोन दिवस विचार करून लिहितोय.

काहीच ठरवू नये असं मी म्हणणार नाही. माझ्यापुरतं मी एवढं करतो की निर्णयाच्या आधी दोन प्रश्न विचारतो. एक, मी बदललो तर याची किंमत कोण भरणार? दुसरा, यातून बाहेर पडायची वाट कागदावर लिहिलेली आहे का? नोकरीच्या करारात नोटिशीचा कालावधी किती, मुदतीआधी सोडलं तर काय भरावं लागेल, हे वाचायला दहा मिनिटं लागतात. समोरचा वाट बघत असला तरी ती दहा मिनिटं घ्यायची. "घरी नेऊन वाचतो आणि उद्या देतो" हे वाक्य मला बोलता यायला सत्तावीस वर्षं लागली. तू आत्ताच पाठ कर. हे वाक्य ऐकून जो चिडतो त्याचा कागद तर दोनदा वाचावा.

लग्न आणि मूल यांबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही, दोन्हीचा अनुभव नाही. इतरांनी लिहावं.


पायवाट

मी लिहितो. वय त्रेचाळीस, लग्नाला सोळा वर्षं, दोन मुली.

उंबरठा यांच्याशी निम्मा सहमत आहे. बाहेरची वाट कागदाच्या व्यवहारात हवीच. माणसांच्या बाबतीत मला उलटा अनुभव आहे. ज्या डॅनियल गिल्बर्टचं नाव वर आलंय, त्यानेच २००२ साली जेन एबर्ट यांच्यासोबत एक अभ्यास केला होता. फोटोग्राफी शिकणाऱ्यांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवून एक द्यायचा होता. काहींना सांगितलं, नंतर मन बदललं तर बदलून घ्या. काहींना सांगितलं, दिला तो गेला. बदलायची मुभा असलेल्यांना हातातला फोटो कमी आवडला. ज्यांचा निर्णय पक्का झाला होता ते आपल्या फोटोवर जास्त समाधानी होते. पालवीच्या मैत्रिणीचं हेच होत असावं.

बायको आणि मी, दोघंही लग्नाच्या वेळचे उरलेलो नाही. ती तेव्हा अबोल होती, आता सभेत उठून बोलते. मी नास्तिक होतो, आता नाही. आम्ही एकत्र राहिलो ते एकमेकांच्या बदलांची खबर ठेवली म्हणून. मुली झोपल्या की अर्धा तास आम्ही फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. काही वेळा बोलायला काहीच नसतं, तरी बसतो.

मैत्रीचंही तसंच, आणि इथे माझी चूक आहे. पंचविशी ते पस्तिशी मी समजत होतो की जुनी मैत्री आपोआप टिकते. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला: ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास, मित्र व्हायला ९०, आणि जिवाभावाचा व्हायला २०० तासांहून जास्त लागतात. कॉलेजात हे तास आपण न मोजता घालवतो. नंतर २०० तास कुठून आणणार? आठवड्याला दोन तास म्हटले तरी दोन वर्षं झाली. म्हणून आधीच कमावलेले आहेत ते सांभाळावेत. मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तीन जणांना फोन करतो. कारण नसताना. पहिल्या वेळी तिघांनीही घाबरून विचारलं, "काय झालं? सगळं ठीक ना?" ते ऐकून फार वाईट वाटलं होतं.


थोरली

पायवाट, "काय झालं?" हे अगदी खरं. माझ्याकडे आता काम असल्याशिवाय कुणाचा फोन येत नाही आणि मीही करत नाही. शनिवारचं मनावर घेते.


कोरा कागद

धागा छान चाललाय. एक विचारू का? त्या मित्राचं पुढे काय झालं? नसेल सांगायचं तर राहू दे.


उंबरठा (धागाकर्ता)

सांगतो. लिहू की नको असं झालं होतं म्हणून मूळ लेखात टाळलं.

सहा वर्षं त्याचा पत्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यात पैसे आले. मी भरलेल्या एका हप्त्याइतकेच, वर-खाली काही नाही. शेऱ्याच्या जागी फक्त '१' लिहिलेलं. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला '२'. तेव्हापासून एकही महिना चुकलेला नाही. या महिन्यात '२३' आला. फोन नाही, निरोप नाही, माफी नाही, नुसता आकडा.

मी एकदाही पोच दिलेली नाही. सुरुवातीला रागाने. नंतर काय लिहायचं ते सुचेना म्हणून. त्याचा विषय घरात निघाला तर मी अजूनही "ज्याने मला बुडवला तो" असंच म्हणतो.


सांजवेळ

मी इथे फक्त वाचते, लिहिण्याची ही पहिलीच वेळ. वय ६४, परिचारिका म्हणून निवृत्त झाले. तुम्ही दिलेल्या अभ्यासातला ६८ चा आकडा वाचून बरं वाटलं, कारण या वयात बदलणारी मी एकटीच आहे की काय असं वाटायचं. सत्तावन्नाव्या वर्षी पोहायला शिकले. त्याआधी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले की मला पाण्याची भीती वाटते.

पण मला लिहायचंय ते माझ्या धाकट्या भावाबद्दल. तो तिशीपर्यंत दारूच्या फार आहारी गेला होता. घरातून वस्तू जायच्या, पैसे जायचे. आईच्या उशीखालचे पैसे गेले त्या दिवशी मी त्याच्याशी बोलणं सोडलं. पुढे तो उपचारांना गेला, दोनदा घसरला, तिसऱ्यांदा सावरला. त्यानंतर अकरा वर्षं थेंबाला शिवला नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. माझा पेशाच असा की अशी माणसं मी वॉर्डात बघितली होती, त्यांच्या बायकांना धीर दिला होता, "माणूस बदलतो हो" असं शेकडो वेळा म्हटलं होतं.

एकदा तो माझ्याकडे दोन दिवस राहायला आला. संध्याकाळी मी बाहेर निघाले आणि सवयीने पर्स कपाटात ठेवून किल्ली फिरवली. मागे वळले तर तो दारात उभा. त्याने किल्ली फिरवताना पाहिलं होतं. काही बोलला नाही. आत जाऊन माझ्या चपला घेऊन आला, माझे गुडघे दुखतात म्हणून खाली वाकून पायांशी ठेवल्या आणि म्हणाला, "सावकाश जा, रस्ता ओला आहे."

त्या किल्लीचा आवाज मला आजही ऐकू येतो. अकरा वर्षं तो रोज बदलत होता आणि मी मात्र त्याला तिशीतल्या त्या खोलीतच बंद करून ठेवलं होतं. स्वतःच्या बाबतीत आपण पुढचा बदल धरत नाही हे तुम्ही लिहिलंत. दुसऱ्याच्या बाबतीत तर झालेला बदल समोर उभा असला तरी डोळ्यांना दिसत नाही. आईवडिलांबद्दलही हेच करतो आपण, मुलांबद्दलही.

त्याची माफी मी मागितली, पण चार वर्षांनी. तोवर रोज मनात म्हणायचे, उद्या बोलू.

तेवीस महिने, एकही खाडा नाही. बाळा, मी तुमच्या मित्राला ओळखत नाही. पण वॉर्डात आम्ही तक्ता बघायचो, रुग्ण काय बोलतो त्याच्याइतकाच. तेवीस नोंदींचा तक्ता माझ्यासमोर आला असता तर मी त्या पलंगापाशी जाऊन उभी राहिले असते.


नवी पालवी

सांजवेळ काकू, तुम्ही आणखी लिहा, प्लीज.

अवांतर: कराराचा कागद काल घरी आणला. कंपनीतल्या लोकांनी काहीच हरकत घेतली नाही, उलट म्हणाले की सावकाश वाचा. नोटीस तीन महिन्यांची आहे, हे मला तोंडी कुणी सांगितलंच नव्हतं. विचारणार आहे.


सूर

काकू, किल्लीचा आवाज वाचून माझे डोळे भरून आले.


उंबरठा (धागाकर्ता)

काकू, तुमचा प्रतिसाद परवा रात्री वाचला आणि तेव्हाच मित्राला निरोप लिहायला घेतला. आधी खूप मोठा झाला. त्यात नोटीस आली, बाबांचं ऑपरेशन आलं, हुकलेलं शिक्षण आलं. माझ्या सवयीप्रमाणे नाव न टाकता ठेवून दिला. सकाळी उठून पुन्हा वाचला तेव्हा त्यातलं बरंचसं त्याला आधीच माहीत असणार हे दिसलं. तेवीस वेळा आकडा लिहिणाऱ्याला ते मी वेगळं काय सांगणार.

ते सगळं काढून टाकलं. शेवटी उरलं ते असं: "२३ मिळाले. पहिल्या महिन्यापासून सगळे मिळाले, कळवायचं मी टाळलं. बाबा आता रोज चालायला जातात. तू कसा आहेस?"

नंबर जुनाच असेल का, ही शंका होती. पाठवून दुपारपर्यंत फोन उलटा ठेवला होता. आत्ता बघितलं तर वाचल्याच्या दोन खुणा आल्या आहेत. त्याच्या नावाखाली 'लिहीत आहे' असं मगाशी दिसलं, मग गेलं, मग परत दिसलं.